लॅमिंग्टनला जाण्याआधी

कॉलेज सुरू होऊन महिना झाला की कँटीनमध्ये हा प्रश्न येतोच, "पन्नास हजारांत गेमिंग पीसी बसेल का रे?" याचं उत्तर दर महिन्याला बदलतं, म्हणून ते मी देत नाही. खरं विचारायला हवं ते हे, की आज घेतलेला पीसी थर्ड इयरला थोडा थोडा बदलता येईल, की आख्खा भंगारात द्यावा लागेल? बाबांकडून पैसे एकदाच मिळतात, दुसऱ्यांदा फक्त भाषण मिळतं.

अंधेरीहून स्लो लोकल पकडायची, ग्रँट रोडला पूर्वेकडे उतरायचं आणि चालत सुटायचं. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलंय, पण १९०३ ते १९०७ मध्ये मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं नाव काही लोकांच्या तोंडातून जात नाही. तिथे पहिल्याच वळणावर कोणीतरी हाक मारतो, "आय7 है, सस्ते में!" इथेच अर्धे लोक फसतात. आय7 हे आडनाव आहे, माणूस कोण ते पुढच्या आकड्यावरून कळतं. कोअर आय7 ३७७० हा २०१२ सालचा, चार कोअरचा प्रोसेसर. विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते, आणि विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. वर विंडोज ११ वर व्हॅलोरंट खेळायचा तर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट दोन्ही चालू हवेत. म्हणजे स्वस्तातला आय7 घेऊन घरी सॉलिटेअर खेळत बसा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, सॉकेट. मदरबोर्डला शुद्ध मराठीत काय म्हणतात ते मला विचारू नका, पण त्यावर प्रोसेसर जिथे बसतो तो सॉकेट. आपल्या अंधेरीकरांना हे समजवायला गोखले पूल पुरे. नोव्हेंबर २०२२ मध्ये जुना बंद केला, फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्याची एक बाजू उघडली, आणि बघतात तर काय, शेजारच्या बर्फीवाला पुलाशी उंचीच जुळत नाही! दोन्ही पूल आपापल्या जागी मजबूत, पण गाडी एकावरून दुसऱ्यावर जाणार कशी? प्रोसेसर आणि मदरबोर्डचं तसंच. आणि कधी कधी तर उंची जुळूनही फाटक बंद असतं. इंटेलची सहावी, सातवी आणि आठवी पिढी, तिन्हींच्या सॉकेटचं नाव ११५१. पण २०१७ मध्ये आठवी आली तेव्हा जुन्या बोर्डवर ती चालेना, नवा बोर्ड घ्यावा लागला.

एएमडीचा एएम४ सॉकेट मात्र २०१६ पासून चालला. २०१७ साली पहिला रायझन घेतलेल्यांना पुढे २०२२ मध्ये बायॉस अपडेट करून त्याच बोर्डवर ५००० सिरीजचा प्रोसेसर बसवता आला. अपग्रेड म्हणतात ते हे! आता एएम४ चा प्रवास संपत आलाय. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या एएम५ ला २०२७ पर्यंत आणि पुढेही सपोर्ट देऊ असं कंपनीने सांगितलंय. त्यावर फक्त डीडीआर५ रॅम बसते आणि रॅमचे भाव २०२५ च्या शेवटी एआय डेटा सेंटर्समुळे कडाडले, हे दुखणं आहे. माझं मत विचाराल तर बजेट ताणता येत असेल तर एएम५, नाहीतर एएम४ वर रायझन ५ ५६०० आणि पुढची चार वर्षं समाधान.

पैसे एकदम नसतील तर अजून एक वाट आहे. नावात शेवटी जी असलेले रायझन घ्यायचे, उदाहरणार्थ ५६००जी किंवा ८६००जी. त्यांच्या पोटातच बऱ्यापैकी ग्राफिक्स असतं. व्हॅलोरंट, जुना जीटीए ५ वगैरे चालतात, कार्ड नंतर घ्यायचं. फक्त दोन पथ्यं. एक, रॅमच्या दोन काड्या घ्या, एक मोठी नको. डीडीआर४ ३२०० ची एक काडी सेकंदाला २५.६ जीबी डेटा देते, दोन चॅनलवर दोन काड्या ५१.२ देतात, आणि पोटातलं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं. दोन, लेन मोजा. स्वस्त पडतो म्हणून ८५००जी घेतलात तर तो ग्राफिक्स कार्डाला फक्त चार पीसीआय लेन देतो, ८६००जी आठ देतो. उद्या आठ लेनचं आरटीएक्स ४०६० आणलंत की चार लेन रिकाम्याच. दुकानात हे कोणी सांगत नाही.

आता एसएमपीएस. हा भाग सगळे शेवटी, उरलेल्या पैशांत घेतात. माझ्या बिल्डिंगमधल्या मित्राला एका दुकानदाराने कॅबिनेटबरोबर "५०० वॅट" चा एसएमपीएस जवळजवळ फुकट दिला. नवं कार्ड लावून आठ दिवस झाले, गेम सुरू असताना टप्प आवाज, जळका वास, आणि सोबत मदरबोर्डही गेला. नंतर आम्ही स्टिकर वाचला. १२ व्होल्टसमोर १८ अँपिअर. इंजिनीअर आहोत, गुणाकार करा: २१६ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड जवळपास सगळी वीज १२ व्होल्टवरूनच खेचतात. आरटीएक्स ४०६० चे ११५, रायझन ५ ५६०० चे कमाल ७६, पंखे-बोर्ड-डिस्कचे पन्नासेक धरा, झाले दोनशे चाळीसच्या आसपास. बाकीचे वॅट नुसते छापलेले. चांगल्या कंपनीच्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टला चाळीसच्या पुढे अँपिअर दिसतात. ८० प्लसचा शिक्का बघा, पण तो फक्त वीज किती वाया जात नाही ते सांगतो, संरक्षण किती आहे ते नाही. चांगला एसएमपीएस दोन प्रोसेसर आणि तीन कार्डं पचवतो, म्हणून अपग्रेडचा विचार असेल तर पहिला पैसा इथे घाला.

यूट्यूबवरचे डॉलरचे भाव बघून दुकानदाराशी भांडू नका. ४०६० जून २०२३ मध्ये २९९ डॉलरला आलं. अमेरिकेतल्या किमतीत टॅक्स धरलेला नसतो. ८२ रुपयांनी गुणा, १८ टक्के जीएसटी लावा, २८,९०० च्या पुढे जातं, आणि त्यात दुकानदाराचा चहासुद्धा नाही.

घासाघीस कराच, पण "बिना बिल कम में दूँगा" ऐकू आलं की हात मागे. वॉरंटीला पक्कं बिलच लागतं, आणि त्यावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लिहून घ्या. असेंबल झाल्यावर तिथेच मशीन चालू करून दाखवायला सांगा आणि बायॉसमध्ये रॅमचा स्पीड बघा. ३२०० ची रॅम २१३३ वर धावत असेल तर एक्सएमपी ऑन करायला लावा. परत येताना दुपारची लोकल धरा आणि कॅबिनेट मालडब्यात ठेवा. ग्राफिक्स कार्ड मात्र काढून, त्याच्या खोक्यात घालून मांडीवर घ्या. लोकलच्या धक्क्यांनी जड कार्ड स्लॉटवर लटकत राहिलं की स्लॉट तुटतो, आणि तो वॉरंटीत बसत नाही.