मेघगर्जना, वारूळ आणि सालवन : रानअळंबीच्या ऋतुविचाराची एक तौलनिक बाजू

मेघदूताच्या पूर्वमेघात यक्ष मेघाला त्याच्या गर्जनेचे सामर्थ्य सांगतो. ही गर्जना कानांना सुखावणारी आहे. ती पृथ्वीवर शिलीन्ध्रे उगवते आणि तिचे वांझपण नाहीसे करते. ती ऐकून मानससरोवराकडे निघालेले राजहंस मेघाची सोबत करतील, असा त्या श्लोकाचा आशय आहे. यातील ‘शिलीन्ध्र’ या शब्दापाशी टीकाकार आणि अनुवादक यांच्या वाटा वेगळ्या होतात. मल्लिनाथ त्याचा अर्थ कंदली असा करतो आणि शिलीन्ध्रे दिसणे हे पीक उत्तम येण्याचे चिन्ह आहे, अशा अर्थाचे निमित्तशास्त्रातील वचन आधाराला घेतो. आधुनिक अभ्यासक बहुधा ‘भूछत्र’ हा अर्थ पत्करतात. कोशांत दोहोंनाही जागा आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू या वादाचा निकाल लावणे हा नाही. परंतु असे शब्द वाचताना आपण साहित्याचे अभ्यासक अळंबीला वर्षावर्णनातील एक ठरीव अलंकार मानून पुढे जातो, आणि तिच्या उगवण्यामागचा ऋतू व अधिवास यांचा हिशेब ठेवत नाही. तो ठेवला, तर काही मजकुरांचे वाचन बदलते असे मला वाटते.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. आपण जिला अळंबी म्हणतो ते बुरशीचे केवळ फळ होय. मूळ बुरशी तंतुरूपाने मातीत, कुजलेल्या लाकडात किंवा झाडांच्या मुळांभोवती वर्षानुवर्षे पसरलेली असते. माती खोलवर भिजली, तापमान अनुकूल झाले आणि हवेत दमटपणा टिकून राहिला म्हणजे ती फळावर येते. अळंबीच्या वजनात बहुतांश पाणीच असते, त्यामुळे ती एका रात्रीत फुगलेली दिसते. मात्र तिचा गर्भ जमिनीखाली काही दिवस आधीच धरलेला असतो. म्हणून पाऊस पडला त्याच दिवशी रानात जाणारा मनुष्य सहसा रिकाम्या टोपलीने परततो. चांगल्या पावसानंतर काही दिवस थांबावे लागते आणि मध्ये थोडी उघडीप लागते. झड लागून राहिली तर माती पाण्याने गच्च होऊन तिच्यातील हवा जाते, छत्र्या कुजतात, त्यांत अळ्या पडतात. उघडीप लांबली तर कोवळी फळे मातीतच सुकतात. वेचणाऱ्याचे सारे कौशल्य या दोन टोकांमधले मोजके दिवस ओळखण्यात असते. आपल्याकडील शेतकरी हे दिवस इंग्रजी महिन्यांनी न मोजता नक्षत्रांनी मोजतो. मृग, आर्द्रा, पुनर्वसू ही त्याच्या दृष्टीने पावसाच्या वेगवेगळ्या स्वभावांची नावे आहेत.

तथापि पाऊस ही अर्धीच गोष्ट झाली. एकाच सरीखाली भिजलेल्या दोन रानांत दोन निराळी पिके येतात. गोव्यातील आणि दक्षिण कोकणातील जी अळंबी लोक चढ्या भावाने, नग मोजून विकत घेतात, ती वारुळाची अळंबी होय. गोव्यात वारुळाला ‘रोयण’ म्हणतात आणि अळंबीची ओळखही त्यावरूनच होते. वाळवीच्या काही जाती आपल्या वारुळात चघळलेल्या पाल्यापाचोळ्याची स्पंजासारखी पोळी रचतात आणि तिच्यावर एक विशिष्ट बुरशी जोपासतात. वाळवीला पचवता न येणारा भाग बुरशी पचवते आणि बुरशीला लागणारी ऊब व दमटपणा वारूळ पुरवते. पावसाळा पुरता बसला म्हणजे या पोळीतून लांब मुळासारखा दांडा जमीन भेदून वर येतो आणि छत्री उघडतो. हीच जागा पुढल्या वर्षी बहुधा त्याच सुमारास पुन्हा फळते, म्हणून कुटुंबे आपली ठिकाणे गुप्त राखतात. ‘शिती’ म्हणून ओळखली जाणारी इवलीशी जात मात्र निराळ्या रीतीने येते. वाळवी पोळीचे तुकडे पृष्ठभागाशी आणून टाकते आणि भाताची शिते सांडावीत तशी ती अळंबी जमिनीवर पसरलेली दिसते. वारुळाच्या अळंबीची व्यापारी लागवड आजवर साधलेली नाही, कारण वाळवीसकट शेती कोणी करायची? गोवा विद्यापीठातील कवकशास्त्रज्ञ नंदकुमार कामत यांनी या अळंबीच्या बेसुमार वेचणीविषयी अनेक वर्षे इशारे दिले आहेत. ज्या प्रदेशात वारूळ हेच सातेरी देवीचे रूप मानून पुजले जाते, त्या प्रदेशात अळंबी ही केवळ भाजी नसते, हे लोकसाहित्याच्या अभ्यासकाला वेगळे सांगायला नको.

मध्य भारतातील सालाच्या रानात चित्र पालटते. बस्तरमध्ये ‘बोडा’, झारखंडात ‘रुगडा’ किंवा ‘पुटू’ या नावांनी ओळखली जाणारी अळंबी छत्रीसारखी नसतेच. ती मातीत अर्धवट दडलेली लहान गोळी असते. तिचे तंतू सालाच्या मुळांशी जोडलेले असतात. झाड तिला शर्करा देते, ती झाडाला पाणी व क्षार मिळवून देते. म्हणून बस्तरात तिला ‘सरई बोडा’ म्हणतात. सरई म्हणजे साल. साल तोडला की बोडाही गेला, आणि नुसता पाऊस कितीही पडला तरी सागाच्या रानात तो मिळायचा नाही. त्याचा हंगाम अगदी आरंभीचा असतो. वळवाच्या सरी, उकाडा आणि विजांचा कडकडाट या काळात तो येतो. काही दिवसांतच गोळीचे पांढरे अंतरंग काळपट होते आणि ती खाण्याजोगी राहत नाही.

येथे एक आडवाट घेण्याचा मोह होतो. वा. वि. मिराशी यांनी मेघदूतातील रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक असे प्रतिपादन केले. दुसरा पक्ष सरगुजातील रामगढचा डोंगर पुढे करतो. रामगढ सालवनाच्या प्रदेशात आहे, रामटेक नाही. शिलीन्ध्र म्हणजे सालाखालचा बोडाच असे सिद्ध झाले असते तर वनस्पतिशास्त्राने या वादात साक्ष दिली असती. पण वारुळाची अळंबी दोन्हीकडे येते, आणि कवीने सांगितलेले गर्जनेचे सामर्थ्य कोणा एका डोंगरापुरते नाही. तेव्हा ही साक्ष कोणत्याच पक्षाच्या कामी येत नाही.

गर्जनेचा संबंध मात्र कालिदासाचा एकट्याचा नव्हे. प्लुटार्कच्या भोजनसंवादांत जमिनीखालची कंदासारखी बुरशी मेघगर्जनेने का उत्पन्न होते, यावर चर्चा आहे. काश्मीर-हिमाचलात बर्फ वितळल्यावर, म्हणजे वसंतात येणाऱ्या गुच्छीबद्दलही विजा चमकल्या की ती उगवते असे सांगतात. रॉबर्ट गॉर्डन वॅसन यांनी या समजुतीचा देशोदेशींचा माग घेणारा निबंध लिहिला तो १९५६ मध्ये, रोमान याकोब्सन यांच्या गौरवग्रंथात. तुलनाकारांच्या ग्रंथालयात हा खंड बहुधा असतो, पण त्यातील हा निबंध क्वचितच उघडला जातो. वीज आणि अळंबी यांचे साहचर्य साधे आहे, कारण दोन्ही पहिल्या पावसाच्या वादळाबरोबर येतात. तरीही ते निव्वळ साहचर्य आहे असे म्हणून विषय मिटत नाही. जपानमधील इवाते विद्यापीठातील संशोधकांनी अळंबीच्या ओंडक्यांना कृत्रिम विजेचे झटके देऊन उत्पन्न वाढते असे दाखविले आणि २०१० च्या सुमारास त्याचा बराच बोलबाला झाला. रानातल्या खऱ्या विजेला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येईल असे मला वाटत नाही.

ऋतू हा मजकुराच्या अर्थनिर्णयाचा पुरावा कसा होऊ शकतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण पाली वाङ्मयात आहे. भगवान बुद्धांच्या अखेरच्या भोजनातील ‘सूकरमद्दव’ म्हणजे काय? अट्ठकथांत कोवळे वराहमांस हा अर्थ आहे, तसेच डुकरांनी तुडविलेल्या जागी उगवलेली अळंबी हाही पर्याय नोंदलेला आहे. वॅसन यांनी १९८२ मध्ये अळंबीचा पक्ष मांडला. आता परंपरेप्रमाणे महापरिनिर्वाण वैशाख पौर्णिमेचे मानले, तर गंगेच्या मैदानातील तो कडक कोरडा काळ होय आणि पावसाळी अळंबीला त्यात जागा नाही. परंतु महापरिनिब्बानसुत्त स्वतः सांगते की त्या वेळी जोडसाल अकाली फुलले होते. साल वसंतात फुलतो, तेव्हा ‘अकाली’ हा शब्द वसंताशी जुळत नाही. सर्वास्तिवाद्यांची परंपरा परिनिर्वाण कार्तिकात मानते आणि ह्युएन त्संगने तिची नोंद केली आहे. कार्तिक धरला तर अळंबीची शक्यता थोडी वाढते, सिद्ध होत नाही. श्रद्धेच्या दृष्टीने या तपशिलाने काही उणेअधिक होत नाही. पद्धतीच्या दृष्टीने मात्र तो महत्त्वाचा आहे, कारण येथे एका शब्दाचा अर्थ पंचांग आणि झाडाचा बहर या दोन साक्षीदारांना विचारून ठरवावा लागतो.

याच ओघात संताळी भाषेतील ‘पुटका’ची गोष्ट येते. संताळीत नामांचे सचेतन आणि अचेतन असे दोन वर्ग आहेत. वनस्पतिसृष्टी अचेतन वर्गात पडत असता सालाखालची ही गोल अळंबी तेवढी सचेतन मानली जाते, हे वॅसन यांच्या ध्यानात आले. स्टेला क्रॅमरिश यांनी १९७५ मध्ये तिचा संबंध वेदवाङ्मयातील सोमाचा पर्याय असलेल्या ‘पूतीक’शी जोडला. ही अळंबी जुनी झाली की तिला कुजका वास येतो आणि ‘पूति’ म्हणजे दुर्गंध, हा त्या जोडणीचा एक धागा. मी याला सुंदर तर्क म्हणेन, त्याहून अधिक नाही. पण ज्याने ती नासताना पाहिली नाही त्याला हा तर्क सुचलाच नसता.

नावांकडे पाहिले की आणखी एक भेद उघड होतो. मराठीतील ‘भूछत्र’ आणि ‘कुत्र्याची छत्री’, बंगालीतील बेडकाची छत्री, हिंदीतील ‘कुकुरमुत्ता’ ही नावे आकारावरून किंवा तुच्छतेतून आलेली आहेत. निरालांनी १९४० च्या दशकाच्या आरंभी गुलाबासमोर कुकुरमुत्ता उभा केला तो या तुच्छतेचाच उपयोग करून. याउलट वेचणाऱ्यांनी ठेवलेली नावे पत्ता सांगतात : सरई बोडा, रोयणीची अळंबी. रशियन भाषेत तर ही रीतच आहे. ‘पोदबेरियोझोविक’ म्हणजे बर्चखालचा, ‘पोदोसिनोविक’ म्हणजे अ‍ॅस्पेनखालचा. सर्गेई अक्साकोव्ह यांनी १८५६ मध्ये अळंबी वेचणाऱ्याची निरीक्षणे निबंधरूपाने प्रसिद्ध केली. झाडाची मुळे आणि बुरशी यांच्या सहजीवनाला आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांनी शास्त्रीय नाव दिले ते १८८५ मध्ये. भाषेने हे नाते त्याआधीच नोंदवून ठेवले होते.

‘अ‍ॅना कॅरेनिना’च्या सहाव्या भागातील प्रसंग या पार्श्वभूमीवर पुन्हा वाचावा. कोझ्निशेव्ह वारेंकाला मागणी घालण्याच्या निश्चयाने रानात येतो. शब्द जुळवलेले असतात, ऐन वेळी तो विचारतो ते पांढऱ्या आणि बर्चखालच्या अळंबीतील फरकाविषयी. तीही उत्तर देते की टोपीत फारसा फरक नाही, दांड्यात आहे. क्षण निघून जातो आणि मागणी राहते ती कायमचीच. अनुवादात दोन्हीकडे नुसती ‘अळंबी’ आली, तर हा संवाद केवळ भिडस्तपणाचा विनोद ठरतो. मुळात तो दोघांनाही बालपणापासून पाठ असलेल्या ज्ञानाचा आडोसा आहे. वाळल्या गवताच्या काडीने जिची गुलाबी टोपी चिरत गेली आहे अशी एक छोटी अळंबीही टॉलस्टॉय तेथे दाखवतो. ती पाहणाऱ्यानेच लिहावी अशी आहे.

जपानी हायकूच्या ऋतुकोशात मात्सुताके ही अळंबी आणि अळंबीची वेचणी हे दोन्ही शरदाचे शब्द आहेत. मात्सुताके लाल पाइनच्या निकस जमिनीवर येते. गावकरी सरपणासाठी काटक्या व पाचोळा गोळा करीत तोवर ती जमीन निकस राहिली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गॅस व खनिज तेल आले, पाचोळा साचला, त्यात पाइनवर कृमिरोग पडला. एकेकाळी हजारो टनांनी निघणारे पीक आता काही वर्षी शंभर टनही भरत नाही. अ‍ॅना त्सिंग यांच्या २०१५ च्या ग्रंथामुळे ही हकीकत आपल्या वर्तुळात परिचित झाली आहे, म्हणून तिचा विस्तार करीत नाही. एवढेच नोंदवतो की ऋतुकोशातील शब्द जागच्या जागी आहे आणि रान नाही.

अधिवासाचे ज्ञान माणसाबरोबर स्थलांतर करते, अधिवास करीत नाही. आसामात एप्रिल २०२२ मध्ये रानटी अळंबी खाऊन तेराजण मृत्युमुखी पडले. त्यांत चहामळ्यांतील कुटुंबांतील माणसे होती. या मळ्यांतील पुष्कळ कुटुंबांचे पूर्वज झारखंड-छोटानागपूरच्या सालवनांतून नेलेले होते. आसामात पाऊस चैत्रातच सुरू होतो, झाडे निराळी, बुरशीच्या जातीही निराळ्या. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली खूण तेथे कितपत उपयोगी पडते, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या आग्नेय आशियाई कुटुंबांच्या बाबतीत तो अधिक स्पष्टपणे नोंदला गेला आहे. मायदेशी भाताच्या पेंढ्यावर येणारी खाद्य अळंबी समजून त्यांनी ओकच्या झाडाखालची, कोवळेपणी तशीच दिसणारी प्राणघातक अळंबी शिजविली. पिशवीतून बाहेर येणारा तो पांढरा गोळा दोन्हीकडे जवळजवळ सारखा असतो. तो कशावर उगवला आहे, पेंढ्यावर की ओकच्या मुळांशी, ही खूण मात्र नव्या मुलखात त्यांना कोणी सांगितलेली नव्हती.