स्वमग्न मुलासाठी घरी येणारी शिक्षिका : निवड आणि मानधन

मुलाला स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, असल्याचे निदान झाले की थोड्याच दिवसांत आईवडिलांपुढे व्यवहाराचा प्रश्न उभा राहतो. घरी येऊन मुलाला शिकवणारे कोण मिळेल, आणि त्यांना मानधन किती व कसे द्यावे? पुण्या-मुंबईच्या तुलनेत कोल्हापुरात अशी प्रशिक्षित माणसे थोडी. आजरा-चंदगडकडील कुटुंबांची अडचण तर आणखी मोठी. म्हणून धर्मग्रामांतील पालकांसाठी ही माहिती देत आहोत.

आठवड्याला 40 तास शिकवणी हवीच, असे अनेक पालकांना सांगितले जाते. हा आकडा अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ इव्हार लोवास यांच्या 1987 सालच्या अभ्यासातून आला. मात्र 2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक विश्लेषणात, तास वाढविले म्हणून प्रगती वाढते, असा ठोस संबंध आढळला नाही. तेव्हा तास विकत घेण्यासाठी दागिने मोडू नयेत, असे आम्हांस स्पष्टपणे वाटते.

याबाबत शेजारच्या गोव्याचा अनुभव अधिक उपयोगी आहे. तेथील 'संगत' या संस्थेच्या सहभागाने गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे 65 मुलांचा अभ्यास झाला. तो 2016 साली प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ नसलेल्या, परंतु प्रशिक्षण व देखरेख लाभलेल्या कार्यकर्त्यांनी सहा महिन्यांत सुमारे 12 सत्रे घेतली. शिकविले ते मुख्यतः पालकांना: मुलाचे लक्ष कोठे आहे ते पाहावे, थांबावे, त्याच्या इशाऱ्याला प्रतिसाद द्यावा. पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुले स्वतःहून अधिक संवाद साधू लागली. म्हणून जी शिक्षिका दार लावून मुलाला एकटीच शिकवते, तिच्यापेक्षा आईला, आजीला शेजारी बसवून दाखवते ती अधिक मोलाची. दार उघडे असणे मुलाच्या सुरक्षिततेसाठीही आवश्यक आहे.

विशेष शिक्षिकेची भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी पाहावी. व्यवसायोपचार तज्ज्ञांची नोंदणी राज्याच्या परिषदेकडे असते. धर्मग्रामातील एखादी होतकरू तरुणी मदतनीस म्हणून लावल्यास तिला मार्गदर्शन करणारा तज्ज्ञ असावाच. 'सहा महिन्यांत मूल पूर्ण बरे करतो' असे म्हणून आगाऊ रक्कम मागणाऱ्याला नम्रपणे निरोप द्यावा.

आता मानधनाविषयी. काही घरांत 'सेवा समजून करा' असे सांगून थोडक्यात भागविले जाते. परंतु त्या तरुणीलाही घर चालवायचे असते. चार पैसे जास्त मिळाले की ती दुसरीकडे जाते, आणि ओळखीचा माणूस अचानक दिसेनासा झाला की स्वमग्न मूल फार अस्वस्थ होते. यास्तव दर तासाच्या हिशेबापेक्षा ठरलेले मासिक मानधन बरे. मूल आजारी पडल्यास त्या दिवसाचे पैसे, गणपती-दिवाळी-नाताळची सुट्टी, एस.टी.चे भाडे, काम सोडण्यापूर्वी महिन्याची सूचना, हे सारे आरंभीच कागदावर लिहून दोघांनी सही करावी. पहिला महिना परस्परांना पारखण्यासाठी ठेवावा. रोज काय शिकविले, त्याची वही ठेवल्यास तज्ज्ञालाही सल्ला देणे सोपे जाते.

खर्चाचा थोडा भार शासकीय योजनांतून हलका होऊ शकतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश असल्याने दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळते. कोल्हापुरात त्यासाठी सी.पी.आर. रुग्णालयात चौकशी करावी. या प्रमाणपत्राच्या आधारे राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' आरोग्य विम्यात नाव नोंदविता येते. त्याची वार्षिक मर्यादा 1 लाख रुपये असून थेरपीचा काही खर्च ठरावीक मर्यादेत परत मिळू शकतो. दाव्यासोबत बिले जोडावी लागतात. यासाठी थेरपी देणाऱ्या तज्ज्ञांकडून नोंदणी क्रमांक, तारीख व सही असलेली पावती पहिल्या महिन्यापासूनच मागून घ्यावी. जुन्या पावत्या मागाहून मिळविणे कठीण जाते.