वाऱ्याकडे चोच

बदक पाण्यावर उतरतं ते वाऱ्याकडे तोंड करून. डिकॉय, म्हणजे शिकाऱ्याचं लाकडी फसवं बदक, मांडण्याची सगळी विद्या या एका सवयीवर उभी आहे. तळाशी वजन लावलेला दोर त्याच्या छातीखाली बांधायचा. मग वारा फिरला की तेही फिरतं आणि चोच वाऱ्याकडेच राहते. पोटाच्या मध्यावर बांधलं तर ते आडवं तरंगतं आणि वरून घिरट्या घालणाऱ्या थव्याला लबाडी कळते. शांत तळ्यात खोलीपेक्षा थोडा जास्त दोर पुरतो. लाटा असतील तर दुपटी-तिपटीने सैल सोडावा लागतो, नाहीतर प्रत्येक लाटेसरशी तळाचं वजन उचललं जातं आणि बदक वाहत सुटतं. मांडणीत मोकळी जागा ठेवायची ती वारा जिकडे वाहत जातो त्या अंगाला, कारण थवा तिकडूनच आत शिरतो.

नेवाडातल्या लव्हलॉक गुहेत 1924 मध्ये लव्हाळ्याची अशी बदकं सापडली, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. आपल्याकडची युक्ती आणखी साधी होती. रिकामी मडकी तळ्यात सोडायची, पाखरं त्यांना सरावली की भोकं पाडलेलं मडकं डोक्यावर घालून माणूस गळाभर पाण्यातून त्यांच्यात शिरायचा आणि पाय धरून एकेकाला खाली ओढायचा.

पकडलेली रानबदकं पूर्वी कलकत्त्याच्या बाजारात विकायला येत. इंडियन म्युझियममधले फ्रँक फिन ती न्याहाळत, आणि 1901 मध्ये त्यांचं भारतीय बदकांवरचं पुस्तक निघालं. शहराच्या पूर्वेची खारी तळी पुढे साठच्या दशकापासून भराव घालून बुजवली गेली; तिथे सॉल्ट लेक उपनगर उभं राहिलं. शिकारीला 1972 च्या वन्यजीव कायद्याने लगाम घातला.

आज दोर-वाऱ्याचं हे शहाणपण खऱ्या अर्थाने कामी येतं ते नदीपल्याड, हावड्यातल्या सांतरागाछी झिलीवर. रेल्वे स्थानकाशेजारचं हे तळं जेमतेम तेरा हेक्टरांचं. हिवाळ्यात इथे येणाऱ्या पाखरांत बहुसंख्य अडई बदकं. अडई रात्री चरते आणि दिवसा विसावते, म्हणून तिला उतरायला उघडं पाणी हवं आणि बसायला हिरवी गादीही हवी. जलपर्णीने तळं झाकलं तर पहिलं जातं, ती सरसकट उपसली तर दुसरी. म्हणून थंडीआधी जलपर्णी काढताना तिचे काही पुंजके बांबूंच्या आधाराने तरंगती बेटं म्हणून राखले जातात. मला हे काम शिकाऱ्याच्या मांडणीहून अवघड वाटतं. डिकॉय एका सकाळपुरता टिकला तरी भागतं. बेटाला अख्खा हंगाम जागेवर राहायचं असतं. सुटं बेट वाऱ्याबरोबर काठाला लागतं, आणि काठावर कुत्री, माणसं, कचरा. फार घट्ट जखडलं तर पाण्याची पातळी उतरताच ते तिरकं लटकतं.

शिवाय जलपर्णी पोषक पाण्यात दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. तळ्यात सांडपाणी येत राहिलं तर राखलेली मोकळी जागा पुन्हा भरते. त्यामुळे हे काम दरवर्षी, आणि पहिले थवे पोचण्याआधीच, उरकावं लागतं.