कोराडीच्या वाटेवरचे भोंगे

नागपूरहून छिंदवाडा रोडने कोराडीकडे निघालं की देवळाच्या कळसाआधी वीज केंद्राची धुराडी दिसतात. नवरात्रात याच रस्त्याने महालक्ष्मी जगदंबेच्या दर्शनाला माणसं पायी येतात. कितीतरी जण अनवाणी, आणि बरेच जण रात्रीचे. त्यांच्यासाठी रस्त्याच्या कडेला चहा-फराळाचे मंडप लागतात, आणि मंडप म्हटला की भोंगे आलेच. गर्दीत हात सुटलेलं लेकरू, चुकामूक झालेली आजी, कुठल्या बाजूने जायचं, चपला कुठे ठेवायच्या, हे सगळं त्या भोंग्यातूनच कळतं. म्हणून भोंगा मोठ्याने वाजतो का, यापेक्षा त्यातला शब्द कळतो का, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. शब्द कळणं बरंचसं वायरिंगवर ठरतं. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी अशाच एका मंडपावर ते काम मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं.

काम करणाऱ्याला सगळे काकाजी म्हणत होते. सोबत एक तरुण पोरगा. आठ भोंगे, वायरची गुंडाळी, शिडी आणि अहुजाचं २५० वॅटचं मशीन. ॲम्प्लिफायरला या धंद्यात मशीनच म्हणतात. अहुजा ही १९४० पासूनची कंपनी. गावोगावच्या देवळांत, शाळांत आणि प्रचाराच्या जीपवर तिचं मशीन इतकं दिसतं की बरेच जण कुठल्याही मशीनला अहुजाच म्हणतात.

मशीनच्या पाठीमागे पट्टीवर स्क्रू असतात: कॉमन, ४ ओम, ८ ओम, १६ ओम, ७० व्होल्ट, १०० व्होल्ट. घरच्या स्पीकरची सवय असलेला माणूस ८ ओमकडे हात नेईल. काकाजींनी एक तार कॉमनला आणि दुसरी थेट १०० व्होल्टला कसली. शेवटचा भोंगा मंडपापासून दोनशे मीटरवर बसणार होता, त्यामुळे १०० व्होल्टला पर्यायच नव्हता.

दीड एमएमच्या तांब्याच्या वायरीला किलोमीटरमागे साधारण १२ ओम रोध असतो. दोनशे मीटर जायचे आणि दोनशे यायचे, म्हणजे वायरीचेच जवळपास ४.८ ओम झाले. टोकाला ८ ओमचा स्पीकर लावला तर मशीनने दिलेल्या ताकदीचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग वायर गरम करण्यातच जातो. १०० व्होल्टच्या लाइनीवर तीच ताकद कमी करंटने जाते, आणि वायरीतला तोटा करंटच्या वर्गाने घटतो. आठ भोंगे प्रत्येकी १५ वॅटचे, एकूण १२० वॅट. ते सगळेच्या सगळे टोकाला लावले असं धरलं तरी वायर पाच-साडेपाच टक्क्यांहून जास्त खात नाही.

मंडपामागे दिसणाऱ्या वीज केंद्रात हेच मोठ्या मापावर चालतं. तिथल्या ६६० मेगावॉटच्या संचांतून वीज निघते ती वीस-बावीस हजार व्होल्टच्या आसपास. ट्रान्सफॉर्मर तिला चार लाख व्होल्टांवर चढवतो, तेव्हा ती दूर पाठवणं परवडतं. पुढे गावात ती पुन्हा उतरवून घरात घेतात. भोंग्याच्या मागच्या डबीतही असाच एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. त्याला एलएमटी म्हणतात. तो १०० व्होल्ट उतरवून युनिटला, म्हणजे आवाज काढणाऱ्या भागाला, पेलेल एवढेच देतो. एलएमटीला दोन-तीन टॅप असतात, आणि कोणता भोंगा किती वॅट घेणार हे टॅपवर ठरतं.

त्यामुळे हिशेब सोपा होतो. पोरगा मीटर लावून ओम मोजायला लागला, तेव्हा काकाजी म्हणाले, "ओम राहू दे बाबू. आधी वॅट जोड, मंग भोंगा जोड." साधं मीटर ट्रान्सफॉर्मरच्या तारेचा नुसता डीसी रोध दाखवतं. आवाज चालू असताना लाइनीवर पडणारा खरा भार त्यावरून कळत नाही. मीटरचा उपयोग एवढाच की कुठे शॉर्ट असेल तर काटा शून्यावर जातो. सगळ्या टॅपांच्या वॅटची बेरीज मशीनच्या वॅटच्या आत राहिली आणि थोडी जागा उरली की झालं. सगळे भोंगे एकाच लाइनीवर समांतर जोडायचे.

दुपारी एक कार्यकर्ता उत्साहाने आपल्याकडचा जुना भोंगा घेऊन आला, हाही लावून टाका म्हणाला. काकाजींनी मागचं झाकण उघडलं. आत नुसतं १६ ओमचं युनिट होतं, एलएमटी नव्हताच. "हा इथं लावला ना भाऊ, तर युनिट तर जाईनच, मशीनबी बसन," म्हणत त्यांनी तो बाजूला ठेवला. १०० व्होल्टच्या लाइनीवर १६ ओम थेट टाकले तर ते एकटंच ६२५ वॅट मागेल, आणि मशीन आहे २५० वॅटचं. जत्रेत, लग्नात, सभेत ऐन वेळी आवाज बंद पडतो, त्यामागे बरेचदा असा प्रेमाने आणलेला जादा भोंगा असतो.

जोड मारायची त्यांची पद्धत मी जवळून पाहिली. वायर बोटभर सोलायची, तारेचा एकही केस न तोडता. दोन्ही टोकं एकमेकांवर घट्ट पिळायची, पीळ मागे वळवून वायरीवर दाबायचा आणि मगच टेप. दुसऱ्या तारेचा जोड त्याच जागी मारायचा नाही, चार बोटं सोडून मारायचा. त्यामुळे टेप सुटली तरी दोन्ही उघड्या तारा एकमेकींना लागत नाहीत. खांबावर चढलेली वायर भोंग्याच्या डबीत थेट जात नाही. डबीच्या खाली तिला एक झोल दिलेला असतो, म्हणजे परतीचा पाऊस आला तर पाणी झोलावरूनच गळून पडतं. भोंग्याचं तोंडही जरासं खाली झुकवलेलं. हे सगळं मशीन बंद ठेवूनच चाललं होतं, कारण आवाज पूर्ण चढला की या लाइनीवर खरोखर १०० व्होल्ट येतात आणि हात लागला तर चांगलाच चरका बसतो.

तारेच्या दोन बाजूंपैकी एकीवर रेघ असते. रेघेची तार सगळीकडे कॉमनलाच जायला हवी. जवळच्या दोन भोंग्यांत ती उलटसुलट झाली तर एकाचा पडदा पुढे जात असताना दुसऱ्याचा मागे येतो, आणि मधल्या जागेत आवाज पोकळ होतो. वाजतात दोघेही, पण शब्द विरतो.

शब्दाचा दुसरा शत्रू म्हणजे अंतर. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, तर वायरीतून सगळ्या भोंग्यांत तो एकदमच पोचतो. एकमेकांपासून शंभर मीटरवरच्या दोन भोंग्यांचे आवाज त्यातल्या एकाजवळ उभ्या माणसाला ऐकू आले तर दोघांत पाव सेकंदाहून जास्त फरक पडतो आणि "उजवीकडून" चं नुसतं "कडूनकडून" होतं. म्हणून काकाजींनी भोंगे एकमेकांसमोर ठेवले नाहीत. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, मंडपापासून दूर. प्रत्येकाचा आवाज एवढाच की पुढच्या भोंग्याच्या हद्दीत तो फारसा शिरणार नाही. दोन मोठे भोंगे कर्कश लावण्यापेक्षा आठ भोंगे हळू लावणं हेच खरं काम, असं माझं ठाम मत झालं आहे. लोकांना लाऊडस्पीकरचा जो त्रास होतो, त्यातला मोठा वाटा खराब वायरिंगचा असतो. लांबचा शब्द पोचत नाही म्हणून व्हॉल्यूम वाढवतात, आणि जवळच्या घरातलं लेकरू दचकून उठतं.

कायदाही त्याच बाजूने बोलतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. वर्षातल्या मोजक्या सणाच्या दिवशी सरकार १२ पर्यंत सवलत देऊ शकतं.

संध्याकाळी मशीन चालू झालं. आधी बासचा खटका पूर्ण खाली. भोंग्याला जाड आवाज झेपत नाही. ढोलकीचा ठेका नुसता पडदा हलवतो आणि पुढे तो फाटतो. माइकवर पोरगा आकडे मोजत राहिला आणि काकाजी लाइनीखालून चालत गेले, प्रत्येक भोंग्याखाली थांबत. तिसऱ्याखाली आवाज खरखरला. डबीतला एक स्क्रू सैल होता. हात करून मशीन बंद करायला लावलं, स्क्रू कसला, पुन्हा चालू. शेवटच्या भोंग्यासमोर दोन घरं होती आणि एका ओसरीत म्हातारी बाज टाकून बसली होती. काकाजींनी तिला विचारलं, "माय, लय मोठा होते का?" ती म्हणाली, थोडा होते. त्यांनी शिडी मागवली, टॅप १५ वरून ७.५ वॅटवर आणला. ताकद निम्मी झाली तरी आवाज तीनच डेसिबल उतरतो, हे त्यांना माहीत होतं. म्हणून भोंग्याचं तोंडही घरापासून रस्त्याकडे फिरवलं आणि पोराला पुन्हा मोजायला सांगितलं.