दोन डोळे, एक चूक

नारायणगावकडच्या एका द्राक्ष बागायतदारांनी विचारलं आहे: ‘सगळी बाग एकाच वाणाची. खत तेच, पाणी तेच, गोडी छाटणी एकाच दिवशी. तरी एका वेलीच्या एकाच ओलांड्यावर मणी लांबट आलेत. हे औषधाचं काम की वेलीचं?’

वेलीचंच असण्याची शक्यता जास्त. नेमकं सांगायचं तर वेलीवरच्या एका डोळ्यातल्या एका पेशीचं.

जुन्नरची काळी द्राक्षं बिनबियांची. शरद सीडलेस, नानासाहेब पर्पल, जंबो, कुठलंही घ्या, बी पेरून बाग उभी राहत नाही. जमिनीत डॉगरीजचा खुंट लावायचा आणि त्यावर हव्या त्या वाणाची काडी कलम करायची. म्हणजे शेकडो एकरांवर वाढतो आहे तो मुळात एकाच जुन्या वेलीचा देह. घरोघरी विरजण जातं तसं हे. वाटी शेजारी गेली, तिथून पुढच्या आळीला गेली. दही तेच, पण दहाव्या घरात चव पहिल्या घरासारखीच असेल, असं शपथेवर कोण सांगणार?

पेशी दुभागते तेव्हा आपला सगळा जीनोम उतरवून घेते. द्राक्षाचा जीनोम फ्रान्स-इटलीच्या संशोधकांनी २००७ साली वाचला, तो सुमारे पन्नास कोटी अक्षरांचा निघाला. एवढं उतरवताना झालेल्या बहुतेक चुका दुरुस्ती करणारी प्रथिनं जागच्या जागी पकडतात. एखादी निसटते. ती पानात निसटली तर पानगळीबरोबर संपली. डोळ्याच्या वाढत्या टोकात निसटली, तर त्यातून फुटणारी काडी ती चूक अंगावर घेऊनच येते.

महाराष्ट्रातला द्राक्षधंदा या चुकांवर उभा आहे, हे फारसं कुणी बोलत नाही. थॉम्पसन सीडलेसच्या बागेत तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांना वेगळी वेल दिसली आणि ‘टास-ए-गणेश’ मिळाली. सोलापूरजवळच्या नान्नजला नानासाहेब काळे यांनी थॉम्पसनमधूनच ‘सोनाका’ हेरली. जीनोम वाचणारं यंत्र हाताशी नव्हतं. होती ती रोज बागेत फिरणारी नजर. उत्परिवर्तनाच्या पाठ्यपुस्तकात या माणसांना एखादा परिच्छेद तरी मिळायला हवा.

चूक म्हणजे नेहमी एखादं अक्षर बदलणं नव्हे. बार्बरा मॅक्लिंटॉक मक्याची तुटलेली गुणसूत्रं अभ्यासत होत्या. त्या तुटक्या वंशातच त्यांना उड्या मारणारी जनुकं सापडली. १९५१ साली त्यांनी हे मांडलं तेव्हा फारसं कुणाला पटलं नाही. नोबेल मिळालं १९८३ साली, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी. पुढे २००४ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की द्राक्ष पांढरं होण्यामागे असाच एक उडता तुकडा आहे. तो रंगाच्या जनुकाशेजारी येऊन बसला आणि रंग बंद पडला. ‘इटालिया’ या पांढऱ्या द्राक्षाच्या एका डोळ्यात तो तुकडा जवळजवळ सगळा गळून गेला आणि लाल ‘रुबी ओकुयामा’ जन्माला आली.

सर्वांत गमतीची गोष्ट पिनो म्युनिए या फ्रेंच वाणाची. द्राक्षाच्या शेंड्यात पेशींचे दोन थर असतात: बाहेरच्यापासून साल होते, आतल्यापासून गर. म्युनिएमध्ये हे दोन थर जनुकीयदृष्ट्या वेगळे आहेत; बदल फक्त बाहेरच्या थरात आहे. ऑस्ट्रेलियातल्या बॉस आणि थॉमस यांनी त्या एकट्या थरापासून झाड वाढवलं (२००२). झाड निघालं बुटकं, आणि बाळ्या येतात त्या जागी घड! आपल्याकडे घडाची बाळी झाली म्हणून कपाळाला हात लावतात. इथे बाळ्यांचे घड झाले. कारण? या झाडाला जिबरेलिन, म्हणजे आपलं ‘जीए’, जाणवतच नाही. बदललेलं जनुक हरितक्रांतीवाल्या बोरलॉग यांच्या बुटक्या गव्हातल्या जनुकाचं भावंड आहे.

म्हणून प्रश्नकर्त्यांना एवढंच सांगणं: त्या काडीला खूण बांधा, तिच्या काड्या वेगळ्या खुंटांवर भरा आणि निदान दोन-तीन हंगाम बघा. बदल एकाच थरात असेल तर तो पुढे विरूनही जाऊ शकतो. तोवर नव्या वाणाचं नाव ठेवण्याची घाई नको.

हीच काळजी वैद्यकातही लागते. जपानी संशोधक यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या साध्या पेशींना पुन्हा मूलपेशींसारखं केलं. त्या आधारावर जपानमध्ये कोबे इथे सप्टेंबर २०१४ मध्ये सत्तरीतल्या एका महिलेच्या डोळ्यात तिच्याच त्वचेपासून बनवलेला पेशींचा पडदा बसवला गेला. दुसऱ्या रुग्णाच्या पेशी तयार झाल्या, पण तपासणीत त्यांच्या जीनोममध्ये बदल आढळले आणि ते रोपण झालं नाही. वेलीवरची चूक फार तर एक ओलांडा बिघडवेल. माणसाच्या शरीरात तीच चूक गाठीचं बीज ठरू शकते. मला पहिल्या यशाइतकाच हा थांबण्याचा निर्णयही विज्ञानाचा वाटतो.

कारण आजूबाजूला न थांबणारे पुष्कळ आहेत. गुडघा, मधुमेह, स्वमग्नता, सगळ्यावर ‘स्टेम सेल’चं इंजेक्शन असल्याच्या जाहिराती मंचरपासून मुंबईपर्यंत मोबाइलवर दिसतात. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या काही आजारांसाठीचं मूलपेशी रोपण हाच मान्य उपचार होता. बाकी सगळं मंजूर चाचण्यांपुरतं होतं, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. तेव्हा असा उपचार कुणी सुचवला तर आधी विचारावं: या पेशी किती वेळा दुभागल्या, त्यांचा जीनोम कुणी तपासला, आधीच्या रुग्णांना किती वर्षं बघितलं? रोपवाटिकेतून काडी घेताना आपण मातृवेलीची चौकशी करतोच की. पाठीच्या कण्यात टोचून घ्यायच्या पेशींसाठी तेवढी तरी करावी.