मंचावरून ओढ्याकाठी : ब्रिटिश बागेतील प्रिम्युला

प्रिम्युला या प्रजातीत, म्हणजे परस्परांशी निकटचे नाते असलेल्या वनस्पतिजातींच्या समूहात, चारशेहून अधिक जाती मोडतात आणि त्यांतल्या बहुतेक हिमालयात व नैर्ऋत्य चीनच्या डोंगररांगांत उगवतात. परंतु त्यांच्या लागवडीचा इतिहास मुख्यतः घडला तो ब्रिटनमध्ये, जिथे रानात प्रिमरोझ आणि काउस्लिपसारख्या मोजक्याच जाती आढळतात. ओलसर, रेंगाळणारा वसंत आणि सौम्य उन्हाळा हे त्याचे एक कारण. दुसरे कारण साम्राज्याने खुल्या केलेल्या वाटांमध्ये शोधावे लागते. अठराव्या शतकापासूनचा हा प्रवास पाहिला, तर नव्या जाती शोधून आणणाऱ्यांचा जितका गवगवा झाला तितका त्या वर्षानुवर्षे टिकवून धरणाऱ्यांचा झाला नाही, हे प्रकर्षाने जाणवते.

या प्रवासाचा पहिला मोठा टप्पा ऑरिक्युलाचा. आल्प्स पर्वतातील दोन जातींच्या संकरातून निपजलेली ही झाडे सोळाव्या शतकात व्हिएन्ना येथे क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या बागेत वाढत होती. पुढे ती इंग्लंडमध्ये पोहोचली आणि अठराव्या शतकात त्यांच्यात एक विलक्षण बदल दिसू लागला. पाकळ्यांच्या कडा पानांच्या ऊतीसारख्या होऊन हिरव्या बनल्या, आणि त्या हिरव्यावर पांढऱ्या पिठूळ कणांचा थर कमीअधिक साचल्याने करड्या व पांढऱ्या कडांचे वाणही तयार झाले. हे पीठ पावसाच्या एका सरीने धुऊन जात असल्यामुळे कुंड्या आडोशाखाली, पायऱ्यापायऱ्यांच्या लाकडी मंचावर मांडल्या जात आणि त्या मांडणीला ‘थिएटर’ असेच म्हटले जाई. लँकेशरच्या विणकरांनी या छंदाला चुरशीच्या स्पर्धेचे रूप दिले. तांब्याची किटली हे त्यातले मानाचे बक्षीस. नियम कडक होते. फुलाच्या घशात डोकावल्यावर गोलसर हिरवट कुक्षी, म्हणजे पराग स्वीकारणारे टोक, वर आलेले दिसले की फूल बाद. पाच परागकोशांचे कडे तिथे दिसले तरच ते विचारात घेतले जाई.

परीक्षकांच्या लेखी हा निव्वळ देखणेपणाचा प्रश्न होता. चार्ल्स डार्विन यांनी मात्र १८६१ च्या नोव्हेंबरात लिनियन सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात त्यामागचे प्रयोजन उलगडले. एका झाडाची सर्व फुले एकाच रूपाची असतात, काहींत कुक्षी वर व परागकोश खाली, तर काहींत नेमके उलट. त्यामुळे कीटकाच्या अंगाला ज्या उंचीवर पराग चिकटतात त्याच उंचीवर त्यांना दुसऱ्या रूपाच्या फुलातली कुक्षी भेटते, आणि भरघोस बी धरते ते अशा दोन रूपांच्या मीलनातूनच. त्या मीलनातून दोन्ही रूपांची रोपे साधारण निम्मीनिम्मी येतात, म्हणजे शौकीन मंडळी आपल्या उत्तमोत्तम रोपांपैकी अर्धी पिढ्यान्‌पिढ्या उकिरड्यावर टाकत आली होती, तीही कारण न विचारता. हा भेद ठरवणारा जनुकांचा गट केवळ परागकोश वर असलेल्या रूपातच असतो, हे २०१६ मधील संशोधनाने स्पष्ट झाले.

एव्हाना हिमालयाची दारे उघडली होती. वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी १८४८ ते १८५० या काळात सिक्कीमची वनस्पतिसृष्टी धुंडाळली आणि पिवळ्या, खाली झुकलेल्या घंटांची प्रिम्युला सिक्किमेन्सिस तिथून लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानात पोहोचली. जॉर्ज फॉरेस्ट यांनी १९०४ ते १९३२ दरम्यान चीनच्या युन्नान प्रांतात सात मोहिमा केल्या. नारिंगी बुलेयाना, जांभळट गुलाबी बीझियाना आणि लाल कळ्यांच्या तुऱ्यात फिकट जांभळी फुले उमलवणारी वियाली या जाती त्यांच्यामुळे बागांत आल्या, मात्र प्रत्यक्ष डोंगर पालथे घालून बी वेचणारे हात बहुतांशी स्थानिक नाशी लोकांचे होते आणि जातींच्या नावांत त्यांना फारशी जागा मिळाली नाही. फ्रँक किंग्डन-वॉर्ड यांनी १९२४ मध्ये आग्नेय तिबेटात सापडलेल्या भव्य पिवळ्या जातीला पत्नीवरून फ्लोरिंडी हे नाव दिले.

या नव्या जातींना कुंडी मानवेना. बुलेयाना व बीझियाना ज्या गटात येतात त्या कँडेलाब्रा गटात फुलांची कडी दांड्यावर एकावर एक, दीपमाळेच्या हातांसारखी, येतात, आणि या झाडांना सदैव ओल असलेली, पण न कुजणारी माती लागते; म्हणून बाग मंचावरून उतरून ओढ्याकाठी, दलदलीच्या कडेला गेली. हिमालयात बर्फ वितळताच उमलणारी, चेंडूसारख्या गुच्छांची डेंटिक्युलाटा ब्रिटनमधल्या या ओढ्याकाठी मार्चपासून फुलते. डेंटिक्युलाटानंतर मे-जूनमध्ये कँडेलाब्रा आणि भर उन्हाळ्यात फ्लोरिंडी, असा फुलांचा क्रम लागतो.

शेजारी लावलेल्या कँडेलाब्रा जाती मात्र एकमेकींत मिसळतात, आणि काही वर्षांत मूळ जात कोणती हे सांगणे अवघड होते. संकर नेहमीच तोट्याचा नसतो. क्यू येथे १८९९ च्या सुमारास वायव्य हिमालयातील फ्लोरिबंडा आणि अरबस्तानातील व्हर्टिसिलाटा या रानात कधीही न भेटणाऱ्या जातींचा संकर काचघरात आपोआप झाला; तो वांझ होता, परंतु १९०५ मध्ये त्याच्या एका झाडाने बी धरले, आणि त्यातील गुणसूत्रे, म्हणजे आनुवंशिक गुण वाहणारे पेशीतील धागे, अठरांची छत्तीस झाली असल्याचे पुढे आढळले. नवी जात कशी उद्भवू शकते याचे ते अभ्यासकांचे आवडते उदाहरण ठरले.

शुद्ध जाती राखू पाहणाऱ्यांना मात्र वाफे दूरदूर ठेवावे लागतात आणि हाताने परागण करून बी ताजे असतानाच पेरावे लागते. वियाली तर पुष्कळदा एकदा फुलून मरते. ज्या बागेत तिची पेरणी दोनतीन वर्षे चुकली, तिथून ती नाहीशी होते.