तंजावरची पानं

तांदूळ, डाळ, तूप, दही, मिरी, मीठ, केळी, सुपारी, विड्याची पानं. वाण्याकडे पाठवायची यादी वाटावी, पण ही तंजावरच्या मोठ्या देवळाच्या दगडात कोरलेली आहे. राजराज चोळाने १०१० साली हे देऊळ पुरं केलं. देवाच्या नैवेद्याला काय लागेल, त्यासाठी कुणी किती द्यायचं, दिव्यांना तूप कुठून यायचं, हे सगळं त्याने तमिळमध्ये दगडावर लिहवून ठेवलं. यादीत मिरची नाही. ती असणारच नाही, कारण पोर्तुगीजांच्या जहाजांतून मिरची आपल्याकडे यायला अजून पाचशे वर्षं होती. तोवर तिखट म्हणजे मिरी.

ही यादी मी घरून वाचून गेले होते. ती खरी कळली मात्र पहिल्या सकाळी, स्टेशनजवळच्या एका साध्या खाणावळीत. माझ्या मावसबहिणीने आणि मी वेण्पोंगल मागवलं. केळीच्या पानाच्या तुकड्यावर मऊ, वाफाळलेला गोळा आला: तांदूळ, मूगडाळ, तूप, अख्खी मिरी, जिरं. मिरची कुठेच नाही. देवळात पाऊल ठेवण्याआधीच त्या शिलालेखातला एक घास आमच्या पोटात गेला होता.

आम्ही चेन्नईच्या एग्मोर स्टेशनवरून रात्रीच्या उळवन एक्स्प्रेसने आलो. उळवन म्हणजे शेतकरी. कावेरीच्या खोऱ्यातल्या भातशेतीच्या मुलखात जाणाऱ्या गाडीला याहून चांगलं नाव सुचलं नसतं. स्लीपरचा डबा, पहाटेचं उतरणं, म्हणजे एका रात्रीचं लॉजभाडं वाचतं.  विमानाने यायचं तर तिरुचिरापल्लीला उतरून तिथून ५५ किलोमीटर बस. दिवाळीच्या सुट्टीत निघणार असाल तर एक लक्षात ठेवा: आपला पावसाळा संपतो तेव्हा तिथला सुरू होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्य मोसमी पाऊस तिथे जोरात असतो. डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम.

तंजावर स्वस्तात पाहता येतं, याचं मोठं कारण गावाची ठेवणच तशी आहे. स्टेशन, जुना बसस्टँड, मोठं देऊळ, राजवाडा हे सगळं पायी फिरण्याच्या अंतरात. देवळाला तिकीट नाही. स्टेशन आणि बसस्टँडच्या आसपास साधी, स्वच्छ लॉज मिळतात. तमिळनाडूत साध्या टाउन बसमध्ये बायकांना २०२१पासून प्रवास मोफत आहे. आम्ही सवयीने पैसे पुढे केले, तर कंडक्टरने हसून हात मागे सारला.

गावाचं वेळापत्रक देवळाच्या दारावर चालतं. मोठं देऊळ सकाळी सहाला उघडतं, साडेबाराच्या सुमारास बंद होतं आणि चारला पुन्हा उघडतं. म्हणून पहाटे देऊळ, मग खाणं, मग राजवाडा, दुपारी पुन्हा खाणं आणि झोप, संध्याकाळी परत देऊळ, असा दिवस आपोआप पडतो. उन्हाशी भांडू नये. दहानंतर अंगणातली फरशी एवढी तापते की अनवाणी पायांना चार पावलंही जड होतात.

देवळाचं विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, साठ मीटरांच्या आसपास उंच, सगळं ग्रॅनाइटचं. तंजावरच्या परिसरात कावेरीचा गाळ आहे, असा दगड नाही. हा सगळा दगड दुरून आणला. या विमानाची सावली जमिनीवर पडत नाही असं गाइड हमखास सांगतात. आम्ही सकाळी त्याच सावलीत बसलो होतो, चांगली लांबरुंद आणि गार होती. खऱ्या गोष्टी इतक्या मोठ्या असताना खोटीची गरज का पडावी, याचं मला वाईट वाटतं. याच भिंतींवर देवळात नाचगाण्याच्या सेवेसाठी आणलेल्या चारशे स्त्रियांची नावं आहेत. त्या कुठल्या गावाहून आल्या, त्यांना कोणत्या गल्लीतलं कितवं घर दिलं, इथपर्यंत नोंद आहे. हजार वर्षांपूर्वीच्या चारशे बायका पत्त्यासकट! सावलीच्या गोष्टीऐवजी गाइडांनी हे सांगावं.

आणि त्याच आवाराच्या नैऋत्येकडच्या भिंतीवर मराठी आहे. देवनागरी अक्षरं, एकामागून एक ओळी, दगडामागून दगड. सरफोजी राजे दुसरे यांनी १८०३ साली भोसल्यांचा इतिहास इथे कोरवून घेतला. मराठीतला सर्वांत मोठा शिलालेख म्हणून तो ओळखला जातो. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६७५-७६च्या सुमारास तंजावर घेतलं, तेव्हापासून १८५५पर्यंत इथे भोसल्यांचं राज्य होतं. शेवटचे शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि कंपनीने राज्य खालसा केलं. पावणेदोनशेहून जास्त वर्षं! शाळेत आम्हाला हे दोन ओळींत शिकवलं होतं. इथे भिंत संपता संपत नाही.

साडेबाराला दार बंद झालं आणि आम्ही जेवायला निघालो.

तंजावरात दुपारी ‘मील्स’ मागायचं. तमिळमध्ये साप्पाडु. पाटी ‘मेस’ची असली तरी तिथे कुणीही जाऊन जेवू शकतं. केळीचं पान मांडलं की त्यावर आपणच पाणी शिंपडून ते पुसून घ्यायचं. टोकाची बाजू डावीकडे. मग भाज्या येतात: परतलेली पोरियल, खोबरं-डाळीचं कूटु, लोणचं, अप्पळम. भाताचा ढीग पडतो आणि जेवणाचे अंक सुरू होतात. पहिल्या भातावर सांबार. दुसऱ्यावर वत्तकुळंबु, म्हणजे वाळवलेल्या सुंडक्काईसारख्या फळांची चिंचेतली दाट, कडवट-आंबट आमटी. तिसऱ्यावर रसम, शेवटी ताक किंवा दही. वाढपी बादली घेऊन फिरत असतो. थांबवायचं तर पानावर हात आडवा धरून ‘पोदुम्’ म्हणायचं, पुरे. आम्ही हा शब्द फार उशिरा शिकलो. इतकं जेवून माणशी शंभर-दीडशेच्या घरात भागलं. या जेवणाचा क्रम मोडून सगळं एकत्र कालवू नका, एवढी विनंती. रसमची पाळी येते तेव्हा जीभ त्यासाठी तयार झालेली असते.

सांबाराची गोष्ट तर आपण सगळ्यांनी ऐकलेली. छत्रपती संभाजी महाराज तंजावरला आले, आमटीला घालायला आमसुलं नव्हती, म्हणून चिंच घातली आणि त्यांच्या नावावरून पदार्थाचं नाव पडलं. गोष्ट गोड आहे, पण तिला त्या काळच्या कागदाचा आधार कुणी दाखवलेला नाही, आणि मी ती खरी म्हणून सांगणार नाही. मराठी स्वयंपाक आणि तंजावर यांचा संबंध दाखवायला याहून पक्का पुरावा राजवाड्यात आहे.

तो सरस्वती महालात. नायक राजांच्या काळापासूनचा हा ग्रंथसंग्रह सरफोजींनी अतोनात वाढवला. काशीयात्रेला गेले तेव्हा तिथूनही त्यांनी पोथ्या आणल्या. आज इथे जवळजवळ ४९,००० हस्तलिखितं आहेत. बहुतेक संस्कृत, पण मराठीही हजारोंनी, शिवाय मोडीची दफ्तरं. पर्यटकाला दिसतं ते छोटंसं संग्रहालय, ताडपत्रं आणि चित्रांचं. सुट्टीचा वार आधी विचारून जा. सरफोजींच्या मुदपाकखान्यातल्या कृती मराठीत लिहून ठेवलेल्या होत्या. ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ या नावाने ग्रंथालयाने त्या छापल्या आहेत. त्याआधी, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, रघुनाथ गणेश नवहस्ते यांनी ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. व्यंकोजींची राणी दीपाबाई यांचा त्यांना आश्रय होता. धान्यांचे, भाज्यांचे, दुधातुपाचे गुण त्यात आहेत, आणि जिलबीची कृतीही. राजघराण्याने स्वयंपाक हा लिहून ठेवण्याचा विषय मानला, ही मला त्यांची सर्वांत मोठी श्रीमंती वाटते.

सरफोजींबद्दल एक गोष्ट मला परत आल्यावर चार जणांना सांगावीशी वाटली. त्यांनी १८०५मध्ये तंजावरात देवनागरी छापखाना काढला आणि इसापनीतीचं मराठी भाषांतर, ‘बालबोध मुक्तावली’, १८०६ साली छापलं. पुण्यात पेशवाई होती तेव्हा कावेरीकाठची मुलं छापील मराठी पुस्तकातल्या कोल्ह्याच्या गोष्टी वाचू शकत होती.

राजवाड्यातच कांस्यमूर्तींचं दालन आहे. तिकीट काढून पाहण्याजोगं तंजावरात एकच निवडायचं असेल तर हे निवडा. तिरुवेण्काडूला सापडलेला १०११ सालचा वृषभवाहन शिव तिथे उभा आहे. जटांचा फेटा बांधलेला, एक पाय सहज दुसऱ्यापुढे टाकलेला, उजवा हात कोपरात वाकवून कशावर तरी टेकलेला. टेकलेला होता तो नंदी आता नाही. तरी त्या हाताखाली नंदीची पाठ आहे असंच वाटत राहतं. आम्ही तिथे अर्धा तास होतो. दरबार महालातल्या सरफोजींच्या संगमरवरी पुतळ्यापुढे पाच मिनिटं पुरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीच्या टेबलावर एक आजोबा भेटले. आमचं बोलणं ऐकून त्यांनी मराठीतच विचारलं, कुठल्या आपण? शब्द मराठी, हेल पुरा तमिळ. त्यांच्या घराण्याला इथे येऊन किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही मोजता येत नव्हतं. घरात मराठी, शाळेत तमिळ, कचेरीत इंग्रजी, असा त्यांचा जन्म गेला. या लोकांना तिकडे ‘रायर’ म्हणतात, रावांचं रायर. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव याच समाजातले, कुंभकोणमला जन्मलेले. आजोबा म्हणाले, कुंभकोणमला जाल तर डबीर रस्त्यावरून चाला, नाव तरी ऐकून या. आणि तमिळ हरिकथा कानावर पडली तर साकी, दिंडी, ओवी ओळखू येतील. ती आमच्या कीर्तनकारांनी इथे आणली. ‘आमच्या’ म्हणताना त्यांनी हात स्वतःकडून आमच्याकडे फिरवला.

कॉफीचंही सांगायला हवं. इकडे तिला ‘डिग्री कॉफी’ म्हणतात. दुधाचा कस मापकाच्या डिग्रीवर पाहिलेला, म्हणजे पाणी न घातलेलं दूध, असा त्या नावाचा एक उलगडा सांगितला जातो. पितळी टंबलर आणि खोलगट डबरा यांत ती येते. दोहोंत उंचावरून वरखाली करून फेस आणायचा. टंबलर ओठांना न लावता वरून पिणारेही पुष्कळ.

कुंभकोणम बसने ४० किलोमीटर. त्याच्या अलीकडे दारासुरमला उतरून ऐरावतेश्वराचं देऊळ पाहावं. ते मोठ्या देवळापेक्षा लहान, पण कोरीवकाम इतकं बारीक की डोळे दमतात. कुंभकोणमच्या काही हॉटेलांत इडलीबरोबर ‘कडप्पा’ मिळतो: मूगडाळ, बटाटा, ओलं खोबरं, बडीशेप. सांबाराला रोज सरावलेल्या जिभेला तो एकदम वेगळा लागतो.

तिरुवैयारु मात्र जवळ, १३ किलोमीटरवर. संगीतरचनाकार त्यागराजस्वामींची समाधी इथे कावेरीच्या काठी आहे. पौष वद्य पंचमीला त्यांच्या आराधनेत शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या रचना गातात. तिकीट लागत नाही, मांडवात जागा मिळेल तिथे बसायचं. आम्ही गेलो तेव्हा उत्सव नव्हता. समाधीपाशी एक मुलगी एकटीच तंबुऱ्याच्या अॅपवर सूर लावून गात होती. बाहेर येऊन अशोका हलवा घेतला. मूगडाळीचा, तुपाने ओघळणारा, केशरी-लाल. छोट्या तुकड्यात भागतं. तो त्या गावाचा मानाचा पदार्थ आहे आणि गरमच खावा.

शेवटच्या संध्याकाळी पुन्हा मोठ्या देवळात गेलो. उन्हं कलली की विमानाचा रंग मधासारखा होतो आणि सारं गाव हिरवळीवर येऊन बसतं. मी मराठी लेखासमोर उभी राहून अक्षरं लावत होते. अक्षरं ओळखीची, पण जुनं वळण, सलग ओळी, शब्द कुठे तुटतो ते कळेना. दहाबारा वर्षांची एक मुलगी आजीचा हात सोडून जवळ आली. ही कुठली भाषा, तिने इंग्रजीत विचारलं. मी सांगितलं. तुम्हाला सगळं वाचता येतं? म्हटलं, अडखळत. तिला त्याचं फार बरं वाटलेलं दिसलं. तिने मला हाताला धरून मुख्य देवळाच्या जोत्यापाशी नेलं, राजराजाच्या तमिळ लेखापुढे उभं केलं आणि म्हणाली, हे माझं, मलाही येत नाही. एक अक्षर तिला ओळखू आलं, मग आणखी एक. तेवढ्यात आजी येऊन पोहोचली. तिच्या हातात बाहेरून आणलेली सुंडलची पुडी होती: उकडलेले चणे, मोहरीची फोडणी, वरून खोबरं. तिने आधी ती माझ्यापुढे धरली, मग नातीपुढे.